उन्हात न पाहिलेला करडा

माझे वडील रंग बघायचे. कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते शेड मास्तर होते. ग्राहक तळहाताएवढा तुकडा पाठवतो, आणि अगदी तसाच रंग हजारो मीटर कापडावर आणायचा असतो. रंग शिजवणारे वेगळे, मशीन चालवणारे वेगळे. बाबांचं काम शेवटचं. ग्राहकाचा तुकडा आणि रंगवलेलं कापड शेजारी ठेवायचं आणि सांगायचं, ‘जुळलं’ किंवा ‘नाही’. एकतीस वर्षं ते दिवसातून चाळीस-पन्नास वेळा यातला एक शब्द बोलले. कारखान्यात त्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणत.

घरात मात्र हा ताप होता. आई घरीच शिवणकाम करते. उसवलेलं शिवणं, चेन बदलणं, कोटांची बटणं लावणं. तिने दोरा मागितला की बाबा दोन-तीन रिळं आणि तो कोट घेऊन दारात जायचे.

“अहो, एवढी ट्यूब लावलीय, इथेच बघा की!”

“घरात सगळे सारखेच दिसतात.”

मग दारात उभं राहून, मान किंचित कलती करून, ते रीळ कापडावर ठेवायचे, उचलायचे, परत ठेवायचे. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, “काय मास्तर, दोऱ्याचं लग्न ठरतंय वाटतं?” बाबा वर न बघता म्हणाले, “पत्रिका जुळत नाही.”

कारखान्यातली त्यांची खोली मागच्या बाजूला होती. उत्तरेला एक मोठी खिडकी. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड येतो. खिडकीखाली टेबल. प्रत्येक लॉटचं एक कार्ड असायचं. डावीकडे ग्राहकाचा तुकडा, उजवीकडे रंगवलेला, दोन्ही दातेरी कात्रीने कापून चिकटवलेले. कार्डाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, बाबा बॉलपेनने ठिपके द्यायचे. एक ठिपका म्हणजे खिडकीत पाहिलं. दोन म्हणजे बाहेर आवारात नेऊन उन्हातही पाहिलं. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. कुणी विचारतही नव्हतं. मी लहानपणी एकदा विचारलं, तर म्हणाले, “उद्या मलाच शंका आली तर मला मी सापडलो पाहिजे.”

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी वादविवाद मंडळात गेले. तिथे आम्हाला एक कागद दिला होता, त्यावर बावीस तर्कदोष होते. माणसं वाद घालताना कुठे कुठे घसरतात, त्याची यादी. मुद्दा सोडून माणसावर घसरणं, दोनच वाटा आहेत असं भासवणं, एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं झालं असं समजणं, वगैरे. मी तो कागद जेवताना वाचून दाखवला. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी एकेकाचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, “ही तर आमच्याकडची रोजची माणसं आहेत.” मग त्यांनी आपली नावं दिली.

दोन-चार उदाहरणांवरून सगळ्यांचा निकाल लावणं म्हणजे ‘ओलं कापड’. ओल्या कापडाचा रंग नेहमी गडद दिसतो, तो वाळेपर्यंत थांबायचं असतं, आणि घाईच्या माणसाला तेवढंच जमत नाही. आपला डाग दाखवला की दुसऱ्याचा दाखवणं हा ‘शेजारचा डाग’. आणि मशीन बंद पडलं की ज्याने त्याला शेवटी हात लावला त्याला धरायचं, हा ‘शेवटचा हात’. बाकीच्या एकोणीस दोषांना त्यांनी नावं दिली नाहीत. म्हणाले, “एवढ्यांत भागतं.”

घरात नियम झाला. बोलताना जो पकडला जाईल, त्याने त्या दिवशीची भांडी घासायची.

“त्या नव्या डॉक्टरांकडे जाऊ नका,” आई एकदा म्हणाली. “मी गेले आणि दुसऱ्याच दिवशी माझी कंबर धरली.”

“शेवटचा हात!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

“घासते,” आई म्हणाली. “रोज घासतेच. आज शिक्षा म्हणून घासते, एवढाच काय तो फरक.”

त्या वर्षी मी वादविवादात कप जिंकला. बाबांनी तो दारात नेऊन उन्हात धरला आणि म्हणाले, “पितळ आहे. पण रंग चांगला चढवलाय.”

मी शेवटच्या वर्षाला असताना कारखान्यात नवा मॅनेजर आला. माणूस नीटनेटका, कधी आवाज न चढवणारा. त्याला माल ठेवायला जागा हवी होती. त्याने बाबांच्या खोलीतली खिडकी विटांनी बुजवून तिथे मांडण्या लावल्या आणि छताला चार नव्या ट्यूब बसवल्या. पांढऱ्याशुभ्र.

“साहेब, हा उजेड बाहेरच्यासारखा नाही,” बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

“मास्तर, पूर्वीपेक्षा तिप्पट आहे!”

“जास्त आहे. तसा नाही.”

मॅनेजर हसला. तीन आठवडे बाबा प्रत्येक नमुना घेऊन आवारात जात राहिले. मॅनेजरने घड्याळ लावलं. एका खेपेला सात मिनिटं. मग भिंतीवर सूचना लागली की नमुने शेड रूमच्या बाहेर नेऊ नयेत. बाबांनी आयुष्यात नियम मोडला नव्हता. ते खोलीतच बघू लागले, आणि कार्डामागे ठिपका द्यायचं त्यांनी बंद केलं. जे पाहिलं नाही त्याची खूण कशी करणार?

अकरा महिने असेच गेले. काहीही बिघडलं नाही.

मग सुरक्षारक्षकांच्या गणवेशाचं काम आलं. जाकीट सुती, पँट पॉलिस्टरची, दोन्हींचा रंग एकच, करडा. सुताला जो रंग लागतो तो पॉलिस्टरला लागत नाही. दोन्हींचे मसाले निराळे, पण दिसायला हवेत सारखे. खोलीत ते सारखे दिसले. बाबांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ‘जुळलं’ म्हणाले. कापड गेलं, गणवेश शिवून झाले. पहिल्या दिवशी रक्षक एका इमारतीच्या फाटकावर उन्हात उभे राहिले, तेव्हा वर करडं जाकीट आणि खाली जांभळट पँट. ग्राहकाने फोटो पाठवला. दोन माणसं कमरेत कापून एकमेकांना जोडल्यासारखी दिसत होती. सगळा माल परत आला.

त्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, “दिव्यामुळे झालं.”

मला तेव्हा नोकरी लागून सहा महिने झाले होते. कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत होते. मला सगळंच माहीत होतं.

“बाबा, जास्त उजेडात कमी कसं दिसेल?” मी म्हणाले. “आणि राग मानू नका, पण पन्नाशीनंतर डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं. सगळ्यांचंच पडतं. निळा-जांभळा आधी कळेनासा होतो. तुमच्या पँटही जांभळटच होत्या ना?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कुठलंच नाव घेतलं नाही, ना ओलं कापड, ना दुसरं काही. ताट उचललं, माझंही उचललं, आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसले. आई मला हळू आवाजात म्हणाली, “आज कोण चुकलं गं?” मी म्हणाले, “मला काय माहीत.” पण मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना बोलावलं. मालक म्हातारे, बाबांना पहिल्या दिवसापासून ओळखणारे. ते प्रेमानेच बोलले असं बाबा सांगत होते.

“मास्तर, वय झालं. माझेही डोळे थकलेत. तुम्ही तसं मान्य करा, आपण चारचौघांत सन्मानाने निरोप देऊ. घरी बसवत नसेल तर गोदामात बसा.”

“डोळे थकले नाहीत, मालक. खिडकी...”

“ज्याचे थकतात तो हेच म्हणतो.”

मी त्या वाक्याचा खूप विचार केला. हो म्हटलं तर डोळे थकलेत. नाही म्हटलं तर तेच थकल्याचं लक्षण. त्यातून बाहेर पडायला दार कुठेच नव्हतं. माझ्या बावीस दोषांत तो सोळावा होता.

आईला दार दिसत होतं. “म्हणा ना हो, थकले म्हणून! दोन शब्दांनी तुमचं काय झिजणार आहे? हार घालतील, फोटो काढतील, गोदामात सावलीत बसाल.”

“एकतीस वर्षं दोनच शब्द बोललो,” बाबा म्हणाले. “आता शेवटचा खोटा बोलू?”

त्यांना त्या खोलीतून जायचं नव्हतं असं नाही. पण चूक नजरेची झाली असं लिहून जायचं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. ना डिग्री, ना हुद्दा. फक्त नजर.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. आपण डोळे तपासून घेऊ, म्हणजे वादच मिटला. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, त्यांचं बरोबर की माझं.

डोळ्यांच्या दवाखान्यात रंगांची एक चाचणी असते. पंच्याऐंशी छोट्या टोप्या, प्रत्येकीचा रंग शेजारणीपेक्षा केसभर वेगळा. त्या ओळीने लावायच्या. डॉक्टरांनी हसत हसत आधी मला बसवलं. माझ्या बारा चुका झाल्या. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, “खिडकीजवळ बसलो तर चालेल?” डॉक्टर म्हणाले, “इथला दिवा खास दिवसाच्या उजेडासारखाच आहे.” बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “असा दिवा मिळतो होय?” आणि कामाला लागले. त्यांच्या दोन चुका झाल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असा निकाल मी पाहिला नाही.

दिव्याबद्दलचं त्यांचं ते एक वाक्य मला घरी आल्यावर झोंबलं. मी वाचायला बसले तेव्हा कळलं की ही अगदी जुनी, साधी गोष्ट आहे. वेगवेगळ्या रंगांनी बनवलेल्या दोन छटा एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसू शकतात. उजेड किती आहे याला महत्त्व नाही, कसा आहे याला आहे. बाबांनी मॅनेजरला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, चार शब्दांत. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “आता वाळलं कापड.” एवढंच.

पण डॉक्टरांचा कागद मालकांना द्यायला ते तयार नव्हते. “कागद कशाला? कापड आहे ना.”

“बाबा, पुरावा आहे हा! पुराव्यासमोर काय बोलतील?”

“बोलतील. बोलायला काय लागतं?”

मी ऐकलं नाही. सुट्टी काढली, भर दुपारची वेळ मागून घेतली आणि त्यांच्याबरोबर गेले. मालकांच्या केबिनमध्ये मॅनेजरही होता. मी कागद ठेवला. मग सगळ्यांना शेड रूममध्ये नेलं, दोन्ही कापडं ट्यूबखाली धरली. सारखी. तीच कापडं घेऊन फाटकापाशी उन्हात गेलो. एक करडं, एक जांभळट. मालक बराच वेळ कापडाकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं.

केबिनमध्ये परत आल्यावर मॅनेजरने कागद पुन्हा वाचला.

“डोळे उत्तम आहेत,” तो म्हणाला. “मग मास्तर, उन्हात फरक पडेल हे तुम्हाला माहीत होतं?”

“पडू शकतो हे माहीत होतं, साहेब.”

“माहीत असून पास केलंत.”

“बाहेर न्यायला बंदी होती.”

“न्यायला होती. सांगायला नव्हती.”

“सांगितलं होतं. दिवे लावले त्याच दिवशी.”

“या लॉटबद्दल सांगितलं होतं का?”

अकरा महिने रोज तेच सांगायचं असतं हे बाबांना माहीत नव्हतं. मॅनेजरने करड्या लॉटचं कार्ड काढलं आणि उलटं करून मालकांसमोर सरकवलं.

“ठिपके देण्याची पद्धत यांचीच आहे ना? इथे एकही नाही. म्हणजे न पाहता पास केलं. हे त्यांच्याच हातचं आहे.”

मी उसळलेच. “अकरा महिन्यांत एकाही कार्डावर ठिपका नाही! काढून बघा!”

“आणि ते सगळे लॉट बरोबर गेले, ताई. म्हणजे ठिपक्यांवाचून काही अडत नव्हतं.”

“आत्ताच तुम्ही म्हणालात, ठिपका नाही हाच पुरावा. आता म्हणता ठिपक्याची गरजच नव्हती. दोन्ही कसं?”

तो हसला, तसाच, आवाज न चढवता. “तुम्ही हुशार आहात. वडिलांसाठी बोलताय, स्वाभाविक आहे.”

“घरच्या माणसाने असंच बोलायला हवं,” मालकही म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मास्तर, डोळे गेले असते तर मी समजून घेतलं असतं. पण दिसत असून...”

पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ते पुढे पत्रात पूर्ण झालं. तिथे ‘निष्काळजीपणा’ असा शब्द होता. सन्मान नाही, हार नाही, गोदामही नाही. डोळे अधू असते तर बाबा बिचारे ठरले असते. ते चांगले आहेत हे मी सिद्ध केलं, म्हणून ते गुन्हेगार ठरले.

खिडकी कुणी बुजवली, हे त्या केबिनमध्ये कुणी विचारलं नाही. मीही नाही. समोरच्याचं कुठलं वाक्य कुठे घसरतंय हे पकडण्यात मी इतकी गुंतले होते, की विचारायचा तो एकच साधा प्रश्न मला घरी पोचल्यावर सुचला.

बसस्टॉपवर आम्ही उभे होतो. “चार दोष, बाबा! मी मोजले. दहा मिनिटांत चार!”

“पाच होते,” बाबा म्हणाले.

“पाचवा कुठला?”

“माझा. मला वाटलं, एकतीस वर्षं बरोबर निघालं, म्हणजे बत्तिसाव्या वर्षी माझं ऐकतील.” मग म्हणाले, “ओलं कापड.”

बस आली. त्यांनी मला आधी चढू दिलं.

चार महिन्यांनी त्यांच्या हाताखालचा जुना रंगारी घरी आला. बाबांना बरं वाटावं म्हणूनच आला होता. चहा पिता पिता कारखान्याच्या गोष्टी निघाल्या. नवा शेड मास्तर तिशीतला, डिप्लोमा झालेला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, असल्या उजेडात मी काम करणार नाही. आठवड्याभरात मांडण्या हलवल्या, विटा काढल्या, खिडकी उघडली. वर तो खास दिवाही आणला.

“मॅनेजरने आणला?” मी विचारलं.

“त्यानेच. नव्या माणसाला लागतं म्हणाला.” रंगारी हसला. “तेव्हापासून एक लॉट परत आला नाही, मास्तर. मॅनेजर सगळ्यांना सांगतो, बघा, माणूस बदलला आणि रंग जुळायला लागले.”

“शेवटचा हात,” मी म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं. कुणी हसलं नाही. आईने कप गोळा केले आणि मोरीत नेले.

बाबांनी रंगाऱ्याला एवढंच विचारलं, “कार्डाच्या मागे तो काही लिहितो का?”

“नाही बुवा. सगळं कॉम्प्युटरात.”

“बरं,” बाबा म्हणाले.

रंगारी गेल्यावर आईने मशीनवरचं अर्धवट काम हातात घेतलं. कुणाचा तरी करडा कोट होता, दोन बटणं गेलेली. तिने डब्यातून दोन रिळं काढून बाबांसमोर धरली. “बघा हो, यातलं कुठलं?”

दार उघडं होतं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. रिळांकडे त्यांनी नुसती नजर टाकली.

“कुठलंही घे. घरात सारखीच दिसतात.”

आई कोट आणि रिळं घेऊन स्वतःच दारात गेली. बाबांसारखी मान कलती केली, एक रीळ कापडावर ठेवलं, उचललं, दुसरं ठेवलं. पुन्हा पहिलं ठेवलं. मग तिने मला हाक मारली.

“ये गं जरा. तुला कळतंय का यातलं?”

मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि खूप वेळ बघितलं. मला कळत नव्हतं.